दीडशे शब्द

हडर्सफील्डच्या लायब्ररीत गुरुवारी दहा ते बारा
जोआन सायक्सबाई बसतात, फुकट.
पुढ्यात लाल पेन, चहाचा थर्मास
आणि काम मागणाऱ्यांची रांग.

माझा कागद त्यांनी आधी खिडकीच्या उजेडाला धरला.
मला बरं वाटलं. कापड असंच धरतात.

"मेहनती." खोडलं.
"प्रामाणिक." खोडलं.
"सर्वांत मिसळून काम करणारी" वर त्या नुसत्या हसल्या.
म्हणाल्या, सकाळपासून अशा सातजणी येऊन गेल्या,
मिलवाल्यांनी त्यातून तुला ओळखायचं कसं?

खरं तर ते शब्द माझे नव्हतेच.
मुलाने कुठून तरी उतरवून दिलेले,
दुसरीच्या मापाच्या ब्लाउजसारखे,
खांद्यात सैल, दंडात घट्ट.

आमच्याकडे आपली पाठ आपण थोपटायची रीत नव्हती.
उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढं म्हणून
आई विषय मिटवायची.
काम चोख झालं की जॉबर म्हणायचा, "हं."
त्या एका "हं"वर मी इचलकरंजीत नऊ वर्षं काढली.
आता त्या "हं"चे दीडशे शब्द करायचे,
तेही "मी" न लिहिता.

मला वाटलं, हे तरी सोपं.
मराठीत "तपासते" म्हटलं
की त्या "ते"च्या पोटात मी असतेच,
बाईच्या रूपात, पदर खोचून.
इंग्रजीत "मी" काढला
आणि वाक्यात कुणीच उरलं नाही.
माग चालू, दिवे चालू,
माणूस जेवायला गेलेलं.

"तू नेमकं करायचीस काय?"
जोआनबाईंनी पेन खाली ठेवलं.

मग सांगितलं.
काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत राहतं.
तुटका ताणा, दुहेरी बाणा, तेलाचा डाग, गाठ.
पाळीला बाराशे मीटर.
पुढे पुढे डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
रफूही करायचे, फुटलेल्या जागी एक एक धागा भरत.
एकदा परदेशी निघालेला अख्खा ताका अडवला,
मालक दिवसभर बोलला नाही,
संध्याकाळी माझ्या टेबलावर
कुणीतरी भडंगाची पुडी ठेवून गेलं.

"पुडी सोडून सगळं लिही," त्या म्हणाल्या.

आणि मधली अकरा वर्षं?
मुलगा. सासऱ्यांच्या इन्सुलिनची वही.
आणि या गावची बोली शिकणं,
जिथे बसचा ड्रायव्हर उतरणाऱ्या प्रत्येकाला "लव्ह" म्हणतो
आणि त्यात प्रेमाचा काही संबंध नसतो.
"एक ओळ पुरे. लपवू नको, फुगवू नको."
रफूवालीला हे पटायला जरा वेळ लागला.
आमचं सगळं कसब लपवण्यातच.

कोल्नच्या काठावर एक मिल अजून सुटाचं लोकरी कापड विणते.
तिथल्या दोन म्हाताऱ्या रफूवाल्या निवृत्त होतायत,
म्हणून ही जाहिरात.
रात्री स्वयंपाकघरात, ओट्यावरची भांडी तशीच ठेवून,
एकशे सेहेचाळीस शब्द लिहिले.
पहिल्याच ओळीत बाराशे मीटर.
विशेषण एकही नाही.
वरती नाव: शैलजा म्हेत्रे.
वाचताना मीच जरा दबले,
कोण ही बाई, असं झालं.

पाठवलं.
आणि मग, सवयीने, पुन्हा वरून खाली बोट फिरवलं.

सहाव्या ओळीत एक शब्द दोनदा पडला होता.
लागोपाठ. दुहेरी बाणा.
अडवायला ताका हातात नव्हता,
गेला होता.

भांडी घासताना वाटत राहिलं,
कुणाच्या लक्षात येणार नाही.
मग वाटलं, त्या दोघींपैकी एकीला तरी येईल,
बोटाखाली लागेल तिच्या.
तिच्या शेजारी बसायला मला आवडेल.