सेमी-ऑटोमॅटिक

हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो धुण्याच्या मशीनवर,
मिरजेत, हप्त्यांनी घेतलेल्या.
अर्धं काम ते करणार.
उरलेलं अर्धं, म्हणजे ओले पिळे उचलून
दुसऱ्या टबात टाकणं, आईचं.

इथे कॅन्ससमध्ये, सलायनाच्या दुकानात,
गुरांचा खुराक, गमबूट आणि कुंपणाच्या तारेपलीकडे
मर्ल हॉफस्टेटर तोच शब्द उच्चारतो
आणि चारशे डॉलरच्या आतल्या तीन बंदुका
रबरी मॅटवर आडव्या ठेवतो.

ही तुर्की. ही पण तुर्कीच, फक्त शिक्का वेगळा.
हलकी काडतुसं घातलीत तर सुरुवातीला अडेल,
पहिली शंभर जड वापरा, मग रुळते.
(नव्या चपलेसारखी, मी मनात.)
खांद्याला दणका कमी. अर्धा धक्का गॅसच खातो.
उरलेला कोण खातो, ते मी विचारत नाही.

दस्ता खांद्याला लावते.
बोट पोचतं, पण मान पुढे काढावी लागते,
रांगेत मागे उभं राहून नाटकाचं बुकिंग बघावं तशी.
मर्ल म्हणतो, आतली एक चकती काढली की आखूड होईल.
ब्लाउज आत घ्यावा तसं.
त्याला हे सांगता येत नाही. मी नुसती हसते.
तोही हसतो, आणि सेफ्टीचं बटण दाखवतो.

तीन आठवड्यांपूर्वी इल्झे ब्रुनगार्टचं मागचं दार फोडलं.
नेलं काय, तर नाण्यांची बरणी
आणि तिच्या नवऱ्याचं झोपेत श्वास देणारं यंत्र.
शेरीफ सव्वीस मिनिटांवर.
हेरंब महिन्यातल्या बारा रात्री पवनचक्क्यांच्या पोटात असतो,
तीनशे फूट वर, नटबोल्ट आवळत.
घरात मी, शलाका,
आणि मागच्या दाराची कडी, जी मी आता
नवऱ्याच्या फोनपेक्षा जास्त वेळा तपासते.

फॉर्मवर नाव, उंची, वजन. वजन मी थोडं खोटं लिहिते,
मग घाबरून खरं लिहिते.
पुढे एक चौकोन : परकी व्यक्ती असल्यास नंबर.
नऊ आकडे. मला पाठ आहेत.
आईच्या फोनचा नंबर आताशा आठवावा लागतो.

आरपार जातं का, मी विचारते.
जिप्समची भिंत? दोन तर नक्की, मर्ल म्हणतो. तीनसुद्धा.
तो खोटं बोलत नाही, एवढं बरं.

भिंतीला कान असतात म्हणतात.
इथल्या भिंतींना कानच असतात, हाडं नसतात.

त्या रात्री सुतळीचं बंडल काढलं.
एक टोक आमच्या दाराच्या मुठीला,
जिथे मी उभी असेन,
दुसरं मागच्या दाराला, जिथे तो.
सुतळी स्वयंपाकघरातून सरळ गेली
आणि तिच्या पाठीमागे, भिंतीच्या पलीकडे, शलाकाचं उसं.
पलंग सरकवला. मग मी दोन पावलं डावीकडे उभी राहिले.
आता सुतळीच्या टोकाला इल्झेची खिडकी.
घर लहान आहे. कुठूनही ओढा,
कुणीतरी झोपलेलं असतंच.

चाळीस डॉलर भरून ठेवलेत.
नव्वद दिवसांत बाकीचे भरले नाहीत
तर पाच कापून परत मिळतील.
नव्वद दिवस म्हणजे खंडेनवमी येईल.
पाटावर हेरंबचा पाना असतो, माझं माती तपासायचं मीटर,
शलाकाचा कंपास.
झेंडू पुरेल का चौथ्याला, ठरलेलं नाही.

तोवर मागच्या चौकटीत तीन-तीन इंची स्क्रू मारलेत,
सहा, दीड डॉलरचे.
हात दुखला. तो दणका सगळा माझाच.

सुतळी सोडायची राहून गेली.
सकाळी शलाका तिच्याखालून वाकून दुधाला गेली,
कशाला बांधलीय, विचारलंही नाही.
संध्याकाळी येऊन बघते तर
तिने तिच्यावर मोजे वाळत घातलेत,
हातानं पिळलेले,
जोडीला जोडी लावून.