पाण्याची खेळी

केतकीने खोका उघडला तेव्हा मी आधी विचारलं,
माझ्या सोंगट्या कुठल्या रंगाच्या,
आणि समोर कोण?

समोर कोणी नाही, बाबा. सगळे एकाच बाजूला.
मग हरवायचं कोणाला?
पाण्याला, ती म्हणाली,
आणि टेबलावर एक नदी उलगडली.

जोसेफ भालेराव हसला.
एकतीस वर्षं प्रेसच्या कॅन्टीनमध्ये
त्याने माझी राणी आणि मी त्याची
सुखासुखी कव्हर होऊ दिली नाही.
जेलरोडच्या आमच्या दोन्ही घरांतल्या शोकेसमध्ये
एकमेकांना हरवून मिळवलेले कप आहेत,
आणि आता म्हणे आम्ही दोघं एका होडीत.

नियमांची पुस्तिका चोवीस पानांची.
कागद चांगला आहे, मी म्हणालो,
शाई जरा पसरलीय कडेला.
नियम जावयाने वाचले.
एकेकाला चार चाली.
चाला, बांध घाला, माणसं उचला,
किंवा हातातलं दुसऱ्याला द्या.
मग गड्डीतला पत्ता ओढायचा, ती पाण्याची खेळी.
पाणी चुकत नाही.
पाणी मध्येच चहाला उठत नाही.

पहिल्या डावात अर्ध्या तासात बुडालो.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं रे, भालेराव म्हणाला,
आणि सवयीने आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
कोण जिंकलं म्हणून.

दुसऱ्या डावात मी हुशारी केली.
होडीचे दोन पत्ते छातीशी धरून बसलो,
अगदी शेवटी टाकीन, सगळे वा म्हणतील.
ओजसने विचारलं, बाबा, तुमच्याकडे काय आहे?
बघू, म्हणालो.
बघू म्हणता म्हणता कोठार गेलं, दवाखाना गेला,
पूल गेला,
आणि होड्या माझ्या हातात कोरड्या.

कोणी रागावलं नाही. ते जास्त लागलं.
कॅरममध्ये समोरचा निदान खिदळतो.

खरं तर होडी मी आधीच टाकली असती.
पण पत्त्यावरची बारीक ओळ लागत नव्हती,
निळं कुठे संपतं, हिरवं कुठे सुरू होतं,
तेही नाही, गेल्या दिवाळीपासून.
शाई पसरलेली नव्हती पुस्तिकेत.
कोऱ्या नोटांच्या थप्प्यांतून ज्याने
केसाएवढी सरकलेली रेघ पकडली, त्याने
हे सांगायचं कसं,
आणि तेही भालेरावसमोर?

तिसरा डाव. रात्रीचे साडेअकरा.
चिवड्याच्या बशीत फक्त शेंगदाण्यांची सालं,
नाशिकरोड स्टेशनात कुठलीशी मालगाडी
केव्हाची थांबलेली.
पाणी एक पायरी खाली,
शाळेच्या गच्चीवर दोन लाकडी माणसं,
आणि चाल माझी.
केतकी आणि ओजस पटाकडे बघत होते.
भालेराव माझ्या हाताकडे.
मी पत्ता उलटा धरला होता
हे त्याला बराच वेळ दिसत असावं.

तीन चाली बांधावर गेल्या होत्या.
चौथी मी अशी खर्च केली,
हातातलं दुसऱ्याला दिलं.
वाच रे जोसेफ, मला दिसत नाही.

तो लगेच बोलला नाही.
त्याने आपला चष्मा पुसला, ज्याची गरज नव्हती,
मग पत्ता सरळ करून
शिफ्टची हजेरी वाचावी तसं खणखणीत वाचलं,
होडी. दोन माणसं. कुठूनही कुठेही.

केतकीने मान वर केली.
कधीपासून, बाबा?
आधी गच्चीवरची दोघं काढू, म्हणालो, मग सांगतो.

लाकडी माणसं भालेरावनेच उचलली,
माझ्या वतीने,
आणि कुठे ठेवू, हे मला विचारून ठेवली.
आता पाण्याची खेळी.
ओजसने पत्ता ओढून टेबलावर उलटा ठेवला,
आणि आम्ही चौघंही
एकाच बाजूने त्याच्यावर वाकलो.