खाडी धरून की सोडून?

पाचवी ब च्या भिंतीवरचा टीव्ही
कुठल्याशा कंपनीनं दिलेला, कडेला अजून तिचा स्टिकर.
शुक्रवारी तिसऱ्या तासाला
मी माझा फोन त्याला जोडते.
डेटाही माझाच.

पलीकडे भामरागडच्या पुढची आश्रमशाळा.
उसेंडी सरांनी फोन बांबूला बांधलाय,
कारण रेंज तिथं त्या बांबूपाशीच येते,
आणि तीही, सर म्हणतात, तिच्या मनात असलं तर.

आधी ओठ हलतात, मग आवाज येतो.
पोरं त्यातही रमली:
हसायचं, थांबायचं,
तिकडचं हसू पोचायची वाट बघायची.

मैनी वड्डे नावाच्या मुलीनं
मोहाचं फूल कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आणलं
की पडदा नुसता पिवळट धूसर झाला,
आणि माझ्या वर्गातली एकतीस नाकं
एकदम पुढं झुकली.
वास आला नाही.
कुणी तसं म्हणालंही नाही.

मग मैनी म्हणाली, आता तुमचा समुद्र दाखवा.

एकतीस चेहरे माझ्याकडे.
महाराष्ट्राला सातशे वीस किलोमीटर लांबीचा
समुद्रकिनारा लाभला आहे,
हे त्यांना झोपेतही येतं.
मानखुर्दहून चौपाटी म्हणजे दोनदा गाडी बदला,
आणि यातल्या नऊ जणांनी ती पाहिलेलीच नाही,
हे मला त्या मिनिटाला कळलं.

"बाई, गच्चीवरून दिसतं कायतरी,"
तन्मेश म्हणाला.

शिर्केमामांकडून किल्ली घेतली.
तीन मजले, मग टाकीला वळसा,
फोन धरून मी पुढं, मागं सगळी वरात,
आणि माझ्या मुठीत हिंदकळत
आमचे जिने बघणारी ती शाळा.

वर, दोन टॉवरांच्या फटीत
तिवरांची काळपट रेघ,
तिच्यामागं करडं पाणी,
शाळेच्या रिबिनीएवढं.

"हा समुद्र?" तिकडून.
"ही खाडी आहे," शिफा तांबोळी, खरं बोलणारी.
"खाडी म्हणजे समुद्रच!" कोळीवाड्याची हेमांगी उसळली,
"आमच्या दारात येतो तो, दिवसातनं दोनदा. न विचारता."
"बाई, मग सातशे वीसमध्ये ही धरलीय का?"

एकवीस वर्षं शिकवतेय मी.
म्हटलं, बघून सांगते.

"खारट आहे का?" मैनीनं विचारलं
आणि रेंज गेली.
तिचं तोंड स्क्रीनवर तसंच उघडं राहिलं.

सोमवारी हेमांगीच्या दप्तरातून बाटली निघाली.
गढूळ, झाकणाला दोरा गुंडाळलेली.
बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणात
ते पाणी ओतून टाकीमागं उन्हात ठेवलं.
कावळ्यांसाठी पहारा लावला, पाळीपाळीनं;
पहाऱ्यासाठी भांडणं झाली.
बाष्पीभवनाचा धडा पुढच्या महिन्यात होता.
तो आपल्या पायांनी गच्चीत आला.

शुक्रवारी झाकण कॅमेऱ्यासमोर:
पांढरट, जरा राखाडी, कडेला दाट.
पलीकडं शांतता. मला वाटलं, गेली रेंज.
पण मैनीच्या पापण्या हलत होत्या.
"चाखा ना," ती म्हणाली.

"खबरदार!" मी ओरडले,
आणि खाडीला मिळणारे नाले एकेक करून मोजले.
पुढं आलेले हात मागं गेले,
आणि दोन सेकंदांनी
तिकडचेसुद्धा.

घंटा झाली. वर्ग ओस पडला.
झाकण टेबलावर राहिलं होतं.
मी दाराकडं पाहिलं
आणि बोटाचं टोक लावून जिभेवर ठेवलं.

खारट.
मागून थोडी डिझेलची चव.
मैनीला पुढच्या शुक्रवारी सांगायला हवं,
आणि ते सातशे वीसचं
अजून बघायचंच आहे.