जवारी

एकतीस वर्षं मी सतारींना चमक दिली.
भोपळ्याच्या पाठीवर कापडाची पुरचुंडी फिरवायची,
लाख, स्पिरिट, थेंबभर गोडेतेल,
मनगट थांबलं की डाग, म्हणून थांबायचं नाही.
मिरजेत म्हणायचे, याच्या हातचं पॉलिश बघून
गिऱ्हाईक आधी केस विंचरतं, मग सतार वाजवतं.

जुनेदनं होडी आणली ती कारखान्यातल्याच
तुणाच्या उरल्यासुरल्या फळ्यांची.
हातभर लांब, पोटात मोटर, शेपटाशी पितळी सुकाणू.
"चाचा, हिला पळवायचीय."
म्हटलं, ठेव. शनिवारी ने.

अकरा हात दिले.
गणेश तलावात पहिल्या फेरीला नवरीसारखी निघाली,
दुसऱ्या फेरीला पोट पांढरं पडलं, शिळ्या दह्यासारखं.
लाखेला पाणी सोसत नाही
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
सतार कुणी तलावात सोडत नाही, एवढंच.

मग सगळं खरवडलं. हार्डवेअरवाल्याकडून
दोन डब्यांचं लॅकर आणलं, वरून मेण घासलं.
थेंब टाकला की मोत्यासारखा गडगडत जायचा.
जुनेद खूश. मीही.

शर्यतीला कुपवाडची सन्मती कुंभोजे,
बाप फाउंड्रीत, पोरगी नववीत,
तिची होडी राखाडी, पाट्यासारखी मिंधी, चमक म्हणून नाही.
ती चार होड्यांच्या अंतरानं पुढं गेली.
आमची डावीकडं ओढत राहिली
दाव्याला हिसडे देणाऱ्या रेडकासारखी.
जुनेद रिमोट उजवीकडं पिळून पिळून घामाघूम,
आणि सुकाणू तिरकं धरलं की वेग आणखी कमी.

पोरगी म्हणाली, "काका, मेण कशाला?
थेंब गोल होतात ते वरचे.
बुडालेल्या पाण्याला त्याचं काय?
सहाशे नंबरचा पेपर, ओला, लांबीच्या दिशेनं. झालं."
मी "बरं" म्हटलं. ऐकलं नव्हतं.

रात्री बल्ब घालवून होडी मांडीवर घेतली.
उजेडात जे आरसा होतं
ते बोटाखाली संत्र्याचं साल निघालं.
आणि डाव्या अंगाला, सुकाणूच्या जरा अलीकडं,
ओघळलेल्या लॅकरचा एक थेंब, वाळून बसलेला,
तिळाएवढा.
एवढ्याशा तिळाशी पाणी अडखळत होतं,
तिथून पुढं फाटत होतं,
आणि अख्खी होडी त्याच्याकडं बघत बघत चालत होती.

थोरला अल्लाबक्ष जवारी काढायचा.
घोडीच्या हाडावर कानस एकदा फिरवायची, फुंकर,
तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा एकदा.
केसभर जास्त गेली तर तार मुकी.
मला वाटायचं, काय हे दिवसभर धूळ उडवणं.
तो म्हणायचा, "तुझं लांबून दिसतं रे.
माझं हात लावल्याशिवाय कळत नाही."
मी हसायचो. लोक माझ्याच सतारी बघायचे.

पहाटे पेपर ओला केला.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
स्वतःच्या हातानं स्वतःची चमक मारली.
आधी चारशे, मग सहाशे, नाकापासून शेपटापर्यंत,
आडवा हात एकदाही नाही.
तीळ गेला. साल गेलं. दूधट पाणी परातीत साचलं.
डोळे मिटून दोन्ही अंगं एकाच वेळी चाचपली,
डावीकडून डावा हात, उजवीकडून उजवा.
दोन्ही बोटं शेपटाशी एकदम पोचली.

सकाळी तलावावर चहावाल्यानं विचारलं,
"काय हो, यंदा पॉलिश परवडलं नाही?"
जुनेदनं होडी सोडली, रिमोट माझ्या हाती दिला
आणि बूट काढायला बसला.
मी काहीच पिळलं नाही.
ती जलपर्णीच्या कडेनं सरळ गेली,
मागं एकच रेघ,
आणि ती रेघ मिटेपर्यंत
चहा निवला.