खुडूक

तक्रार क्रमांक चारशे बारा.
मुहर्रक, मशिदीमागची गल्ली.
अर्जदार तिसऱ्या मजल्यावरचा, बंदरात पहाटपाळी;
म्हणे कोंबडा रात्री दोनलाच आरवतो.

आरवणारच.
गल्लीत नवे पांढरे दिवे लागलेत.
त्याला बिचाऱ्याला कसं कळावं
कुठलं तांबडं आणि कुठली नगरपालिका.

आम्ही दोघं, मी आणि नुरुल.
एक जाळं, चार पिंजरे, एक जुनी चादर.
नुरुल धावतो. मी धावत नाही.
गुहागरला आई म्हणायची, कोंबडीमागे दिवसा लागू नये,
अंधार पडला की ती आपोआप शहाणी होते,
हात घालायचा नि उचलायची.
अंधाराचीच काय ती इथे टंचाई.

दारात उम्म खलफ,
वाडग्यात भिजवलेला शिळा खुबूस.
कोंबड्या तुमच्या का?
म्हणाली, अल्लाच्या.
मग दाणापाणी तुम्ही का घालता?
त्याला इतकी कामं असतात, म्हणाली.

फॉर्मवर रकाना: मालक.
मी आडवी रेघ मारली.

साडेनऊपर्यंत सात.
आठवा कोंबडा, टँकरच्या चाकावर पेंगलेला.
त्याच्यावर चादर टाकली आणि एकटाच हसलो.
काय झालं, नुरुलने विचारलं.
आमच्यात एक म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून...
पुढचं हिंदीत नीट बसेना.

नववी दिसत नव्हती.
नुसता आवाज, घशाच्या तळातून, कुर्र कुर्र.
हा आवाज मला झोपेतही कळतो.
मोडक्या एसीच्या खोक्यामागे,
वरच्या चालू एसीची नळी जिथे ठिबकते
बरोब्बर त्या ओलीत,
पिसं फुगवून, चोच उघडी टाकून बसलेली.
ऑगस्ट. रात्री दहाला छत्तीस.
इथे अंडी ऊब देऊन नाही, ऊन अडवून जगवायची,
हे हिला कुणी सांगितलं?

हात घातला. तिने टोचलं, रक्त काढलं.
पोटाखाली अकरा.
एकाच्या आत टकटक.

फॉर्मवर अंड्यांना रकाना नाही.
नुरुलने न सांगता टॉर्च विझवला.

मी लिहिलं: एकूण आठ. काम पूर्ण.
हाताला काय लागलं, मुकादमाने विचारलं.
जाळ्याची तार, साहेब.

डिसेंबरात त्यातला एखादा आरवायला लागेल,
तक्रार येईल.
माझा करार नोव्हेंबरात संपतो.
नुरुलला सांगून ठेवलंय,
धावू नकोस.