दुसरी डिस्क

रात्री दीड वाजता काळ्या पडद्यावर
मी पहिली ओळ डंपची लिहीत नाही.
आधी विचारतो : दुसरी डिस्क जोडलेली आहे का?
उत्तर येईपर्यंत कर्सर लुकलुकतो,
भिंतीपलीकडं यंत्रमागांची रात्रपाळी,
टेबलाखाली सर्व्हर.
मे महिन्यातल्या सोलापुरात
ऑफिसातला एकुलता पंखा त्याच्याकडं तोंड करून असतो.

हे विचारणं मला कुणी शिकवलं नाही.
शिकवलं एका फोल्डरनं.

त्या वर्षी केबल निसटली होती,
झाडूनं असेल, उंदरानं असेल.
माझी स्क्रिप्ट मात्र इमानी,
रोज दोनला उठायची,
अकरा हजार विडी कामगारांचा फंड
दाबून, घडी घालून, वर तारीख टाकून
त्याच नावाच्या फोल्डरात ठेवायची.
फोल्डर तेवढं पहिल्याच डिस्कवरचं.
किल्ली आत ठेवून
दार ओढून घ्यावं, तसं.
लॉगमध्ये रोज एकच शब्द : यशस्वी.
सात महिने यशस्वी.

मग डिस्क गेली,
अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढ्याच आवाजात.

मॅनेजर द्यावरकोंडा ओरडले नाहीत.
चष्मा पुसत राहिले.
मी नोकरी गेली असं धरून डबा पिशवीत भरला,
तेव्हा म्हणाले,
"बायकांकडं लॉगबुकं असतील की."

होती.
कुंभारीच्या घरकुलातून आली, नीलम नगरातून आली,
उशीच्या खोळीत, तांदळाच्या डब्यात,
देवाच्या फोटोमागं ठेवलेली,
प्रत्येक पानाला तंबाखूचा वास.
मी वाचत गेलो, बोटं चालवत गेलो :
बिटला नरसव्वा, हजार, छाट साठ.
मादगुंडी लच्चव्वा, आठशे.
सय्यद हलीमा, हजार, छाट नाही.
"छाट कशी निघंल, हात बघ की माझा."

कित्येक रात्री असंच.
गाजुल राजव्वाचं पुस्तक भिजून लगदा झालेलं,
पहाटे नळ आला, बॅरल ओसंडला,
पुस्तक खाली ट्रंकेत.
तिनं मांडीवर नसलेलं सूप धरलं,
डोळे मिटले आणि आकडे सांगू लागली.
लेकीच्या लग्नाचा महिना कमी,
नखुरडं झालेला आठवडा कोरा,
नवरा गेला त्या दिवशी सकाळच्या दोनशे.
मी सगळं लिहून घेतलं.
पण पुरावा नावाचा एक रकाना होता,
तो रिकामा सोडून पुढं सरकता येत नव्हतं.
तिथं मी काय लिहिलं
ते सांगणार नाही.

आता दुसरी डिस्क जोडलेली असते.
तिसरी शनिवारी माझ्याबरोबर घरी येते,
पिशवीत, शेंगाचटणीच्या पुडीला चिकटून.
आणि प्रत निघाली म्हणून मी उठत नाही.
दुसऱ्या मशीनवर ती उलगडतो,
रोज एक नाव मागतो.
शुक्रवारी आईचं.
येतं : आडनाव बरोबर, नाव चुकीचं,
अंबव्वाचं अंबुबाई,
कुण्या जुन्या कारकुनानं केलेलं,
तीन डिस्कांवर तितकंच जपलेलं.
"एवढं शिकलास, नीट कर की ते," आई म्हणते.
मी करत नाही.
ती चूक परत आली
की कळतं, बाकीचंही आलंय.

पावणेचारला घरून फोन :
"काय करूलालाय अजून? नळ आलाय."
पाचव्या दिवशीचं पाणी.
गल्लीत सगळ्या दारांत उजेड,
घागरी, पातेली, बादल्या, रंगाचे रिकामे डबे,
दुधाच्या किटल्यासुद्धा.
या गावाला साठवायला कुणी शिकवायला नको.
मी पाइप बॅरलमध्ये सोडतो
आणि वाकून
बॅरलखालची फरशी हातानं चाचपतो,
कोरडी आहे ना.