चार मिनिटं

पलीकडून एसटी सुटते सात दहाला.
मी कळ दाबतो, आणि बोटीच्या पोटात
पंखा घरघरायला लागतो.
इंजिन अजून बंद.

चार मिनिटं, मल्लिनाथ.
आज तरी सोड की बे, तो म्हणतो,
दुधाचे कॅन दोन्ही पायांत धरून.
शिक्षिका घड्याळ बघतात. उजनीचं पाणी
काही बघत नाही.

भाताची वाफ वर जाते, चहाची जाते.
पेट्रोलची जात नाही.
ती खाली उतरते, फळ्यांच्या सांध्यांतून,
इंजिनाच्याही खाली,
आणि गुमान बसून राहते
एका ठिणगीची वाट बघत.

खाली बसलेल्या गोष्टी
आम्हाला शिकवाव्या लागत नाहीत.
या पाण्याखाली आमची चावडी आहे,
गिरणी आहे, आजोबांनी दोनदा बुजवलेली
आणि दोनदा उपसलेली विहीर आहे.
वरून सपाट दिसतं सगळं.

पंखा बसवला अंबादास येमूलनं.
सोलापुरात अशोक चौकामागं
तो यंत्रमागाच्या मोटारी बांधायचा.
मी भंगारातला गाडीचा पंखा नेला होता, स्वस्तातला.
त्यानं तो उघडून मला आतला कोळसा दाखवला:
हा फिरताना चांदण्या उडवतो.
वाफ काढायला काडीच पेटवून टाक की मग.

आणि पाईपचं तोंड तळापाशी ने, म्हणाला,
पण साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नको.
बुडालं की पंखा नुसता गातो.
एक भोंगा वाऱ्याकडं, एक वाऱ्याला पाठ करून,
हवेला यायला दार, जायला दार.
मग थोडा वेळ बोलला नाही.
दोरा तुटू नये म्हणून
त्याच्या बापाच्या कारखान्यात खिडक्या बंद असायच्या.
पंचवीस वर्षं तो माणूस
चादरींचं तूस श्वासात घेत होता.
हे सगळं त्यानं
पाईपला क्लिप आवळता आवळता सांगितलं,
आणि पैसे मोजून घेतले.

पोहोच्या थंडीत कुणीतरी
पुढच्या भोंग्यात पोतं कोंबलं,
गार वारा येतो म्हणून.
मी शिव्या दिल्या. बाईमाणसं होती, तरी दिल्या.

आता माझी गोष्ट.
दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
शेंगाचटणी नुसती तिखट लागते.
करपलेली भाकरी मी डोळ्यांनी ओळखतो.
म्हणून रोज पोरगी, शिवलीला,
शाळेचा फ्रॉक सावरत पालथी पडते,
झाकणातून डोकं आत घालते, आणि म्हणते: नाही.
मग पंखा. मग पुन्हा डोकं. पुन्हा: नाही.
तेव्हा कुठं मी चावी फिरवतो.

एकदा ती म्हणाली: आहे.

सगळ्यांना काठावर उतरवलं.
झाकणं उघडी टाकली, बॅटरीची तार काढली.
टाकीच्या नळीचा सांधा ओला होता,
बोटभर, बस्स.
एसटी गेली. दूध माघारी गेलं.
शिक्षिकांचा अर्धा दिवस कापला.
झालं काय? काहीच नाही.
पारावर सांगावं असं काहीच नाही.
त्या दिवशी काय झालं नाही
हे मला रात्री तीनला आठवतं.

शिवलीला जूनपासून सोलापूरला जाईल,
आत्याकडं, अकरावीला.
काल मल्लिनाथ आपणहून गुडघ्यावर आला.
हलव, म्हणाला, बघू दे मला.
झाकणात तोंड घालून बराच वेळ हुंगत राहिला,
म्हशीनं नवं वैरण हुंगावं तसा.
काय येतंय?
दुधाचाच वास येतोय की बे, म्हणाला,
आणि स्वतःच्या हातांकडं बघितलं.

धुऊन ये, मी म्हणालो.

तो काठावर वाकून हात चोळत होता तोवर
मी पंखा बंद केला नाही.
साडेपाच मिनिटं झाली असतील.
कुणी मोजली नाहीत.